मुलांच्या खोलीतील एक भिंत वेगळ्या रंगाने रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोलीच्या तीन भिंती फिकट ठेवून चौथी गडद किंवा निराळ्या रंगाची करण्याला रंगारी ‘हायलाइट’ म्हणतात. दहावी-बारावीच्या वयातील मुलामुलींकडून अशा भिंतीची मागणी हमखास होते. पुढील प्रश्नांपैकी काही मुलांचे आहेत, काही आई-वडिलांचे. उत्तरे विदर्भातील गावच्या घरांसाठी लिहिली आहेत, म्हणजे काळ्या मातीवर उभी असलेली, उन्हाळ्यात कूलर चालणारी आणि कधी स्लॅबची, कधी कवेलूंची घरे डोळ्यांपुढे ठेवून. रंग कोणता हे त्या मुलाने किंवा मुलीने ठरवावे आणि भिंत रंग धरण्याच्या स्थितीत आहे की नाही हे घरातील मोठ्यांनी तपासावे, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत याच्या उलट घडते. रंगावर आठ दिवस वाद चालतो, भिंतीकडे मात्र कोणी पाहत नाही.

चारपैकी कोणती भिंत निवडावी?

जिच्यात दार, खिडकी किंवा कपाट कमीत कमी आहे आणि खोलीत पाऊल टाकताच जी समोर येते, ती भिंत सहसा योग्य ठरते. पलंगाच्या डोक्याकडील किंवा अभ्यासाच्या टेबलामागील भिंतही चालते. तरीही निवडीपूर्वी त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे हे अवश्य पाहावे. पलीकडे न्हाणी असेल, पाण्याचा हौद असेल किंवा गुरांचा कोठा असेल, तर दिसायला ती भिंत कितीही सुंदर असली तरी तिच्यावर गडद रंग लावू नये. कोठ्याला लागून असलेल्या भिंतीत गोमूत्रातील क्षार वर्षानुवर्षे मुरलेले असतात आणि ते नव्या रंगाखालून पुन्हा बाहेर येतात. फिकट रंगावर हे डाग खपून जातात, गडद निळ्यावर ते लांबून दिसतात.

मुलीला गडद निळी, जवळजवळ काळी भिंत हवी आहे. त्यामुळे खोली जास्त तापेल का?

तापणार नाही. आपल्याकडे खोली तापते ती स्लॅबमुळे किंवा टिनामुळे आणि दुपारनंतरचे ऊन झेलणाऱ्या पश्चिमेकडील भिंतीच्या बाहेरच्या बाजूमुळे. आतल्या पृष्ठभागावर थेट ऊन पडत नसेल, तर तो पांढरा असो की काळा, खोलीच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा उष्णतेची चिंता रास्तच आहे. तिचा उपाय मात्र स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर देणे आणि पश्चिमेची भिंत बाहेरून पांढरी ठेवणे हा आहे.

उजेडाबद्दलची शंका मात्र खरी आहे. गडद भिंत प्रकाश शोषून घेते. खोलीला एकच लहान खिडकी असेल, तर खिडकीसमोरील भिंत गडद करू नये, कारण खिडकीतून आलेला उजेड त्याच भिंतीवरून परतून खोलीभर पसरत असतो. अशा वेळी खिडकी ज्या भिंतीत आहे तीच किंवा तिच्या शेजारची भिंत गडद करावी आणि बाकीच्या भिंती व छत पांढरे ठेवावे. काळा रंग अशुभ मानणारी आजी घरात असेल, तर गडद निळा, शेवाळी हिरवा किंवा विटकरी हे रंग दोन्ही बाजूंना मान्य होतात, असा अनुभव आहे.

भिंतीत ओल आहे की नाही, हे रंगवण्यापूर्वी कसे ओळखावे?

हात लावून कळत नाही. खताच्या पोत्यातील प्लॅस्टिकच्या आतल्या पिशवीचा सुमारे दीड फूट लांब-रुंद तुकडा कापून, धुऊन, वाळवून घ्यावा आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा. कुठूनही हवा शिरता कामा नये. एक दिवस आणि एक रात्र गेल्यावर तो काढून पाहावा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडील बाजूस पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा त्याखालचा चौकोन आजूबाजूच्या भिंतीपेक्षा काळपट झाला, तर ओल भिंतीच्या आत आहे. थेंब खोलीकडील बाजूस असतील, तर तो हवेतील दमटपणा आहे आणि खिडक्या उघड्या ठेवल्याने जाईल. हीच चाचणी पाच फूट उंचीवरही करावी. खाली ओल आणि वर कोरडे असे आढळले, तर पाणी जोत्यातून वर चढत आहे. वर ओल आणि खाली कोरडे असेल, तर स्लॅबमधून किंवा पत्र्याच्या सांध्यातून गळती आहे. दोन्हींचे उपाय निराळे आहेत आणि दोन्ही उपाय रंगाच्या डब्यात मिळत नाहीत.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पूड येते आणि पुट्टीचे पोपडे सुटतात. वॉटरप्रूफ रंग लावला तर थांबेल का?

थांबणार नाही. हा लोणा आहे. जमिनीतील पाणी विटांमधून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर फुटतात. आतून पाणी न सोडणारा थर दिला, तर तेच पाणी अडून आणखी वर चढते आणि पूर्वी दोन फुटांवर असलेली रेघ चार फुटांवर जाते. बाहेरच्या बाजूने पाणी साचणार नाही अशी नाली काढणे, अंगणाचा उतार घरापासून दूर करणे आणि भिंतीला टेकलेला मातीचा किंवा शेणखताचा ढीग हलवणे, ही कामे आधी करावीत. पूड कोरड्या ब्रशने झाडून काढावी, पाण्याने धुऊ नये, कारण पाण्यात विरघळून क्षार पुन्हा आत जातात. ही कामे झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. तोपर्यंत मुलाचा आग्रह असेलच, तर खालचे तीन फूट चुन्याचे पांढरे ठेवून त्यावरचा भाग रंगवावा आणि मधली रेघ नेटकी ओढावी. ही रचना मुद्दाम केल्यासारखीच दिसते.

दर उन्हाळ्यात भिंतीला भेग पडते आणि पावसाळ्यात ती मिटते. ती भरून रंग दिला तरी पुढच्या वर्षी पुन्हा दिसते. असे का होते?

यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वर्धा या भागांत हा प्रश्न घरोघरी आहे आणि त्याचे मूळ काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते. वावरात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्याच हालचाली घराच्या पायाखालीही होत असतात. पाया पुरेसा खोल नसेल, तर घराचा एखादा कोपरा पावसाळ्यात किंचित उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो आणि भिंत विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी तडकते.

रंगवण्यापूर्वी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. काही महिन्यांनी भेग त्या रेघेच्या पुढे गेली नाही आणि केसाएवढीच राहिली, तर ती केवळ प्लास्टरची आहे. पत्र्याच्या टोकाने ती इंग्रजी ‘व्ही’सारखी थोडी रुंद करावी, धूळ झाडावी, लवचीक क्रॅक फिलर भरावे आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून सपाट करावी. भेग उघडझाप करत असेल, तर तिच्यात सिमेंट किंवा साधी पुट्टी भरू नये. मे महिन्यात भेग पूर्ण उघडी असताना असा कडक माल भरला, तर पावसाळ्यात भेग मिटताना तो दाबला जातो आणि फुगवटा येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भेग मधल्या स्थितीत असताना, लवचीक माल भरणे त्यातल्या त्यात बरे. बोट जाईल इतकी रुंद भेग असेल, किंवा दार-खिडकीची चौकट वाकडी होऊ लागली असेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून जाणकार अभियंत्याला घर दाखवावे.

खिडकीत कूलर बसवला आहे. त्याच्या जवळची भिंत रंगवता येईल का?

शक्यतो टाळावी. कूलर मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत रात्रंदिवस चालतो. खिडकीच्या चौकटीला लागलेले पाण्याचे तुषार, पंपाच्या नळीची एखादी गळती आणि टाकी भरताना सांडलेले पाणी, हे सारे त्याच भिंतीत मुरते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरके खाली गेलेले तपकिरी ओघळ अशा बहुतेक घरांत दिसतात. टाकीतील पाणी खारे असेल, तर त्या ओघळांच्या कडेला पांढरी किनारही येते. दुसरी भिंतच उपलब्ध नसेल, तर कूलर स्टँडवर घेऊन भिंतीपासून थोडा दूर आणि बाहेरच्या बाजूस किंचित कलता ठेवावा, चौकटीची फट बंद करावी आणि त्या भागात धुता येईल असा सॅटिन इमल्शन (पाण्यात मिसळणारा, किंचित चमक असलेला रंग) वापरावा. वॉलपेपर येथे मुळीच टिकत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या कडा सुटतात.

रंगकामासाठी कोणता महिना चांगला?

पावसाळा संपल्यावर भिंतींना वाळायला महिनाभर मिळाला पाहिजे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. गोंदिया-गडचिरोलीकडे पाऊस जास्त असतो, तेथे आणखी थोडे थांबावे. दिवाळीपूर्वी घर रंगवण्याची रीत सर्वत्र आहे, पण दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यास आली की भिंती पुरत्या वाळलेल्या नसतात. त्या वर्षी बाकीच्या घराला चुना द्यावा आणि ही एक भिंत दिवाळीनंतर करावी. कापूस वेचणीच्या दिवसांत रंगाऱ्यासोबतचे मजूर मिळत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

उन्हाळ्याची सुट्टी विदर्भात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांबते आणि मुले मोकळी असतात, म्हणून मे महिन्यात काम काढण्याचा मोह होतो. त्या दिवसांत रंग इतक्या झपाट्याने वाळतो, की रोलरचा एक पट्टा दुसऱ्यात मिसळण्याआधीच कडक होतो आणि भिंतीवर पट्टे उमटतात. करायचेच झाल्यास सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर करावे, पंखा व कूलर बंद ठेवावा आणि आदल्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडावा.

आमच्या जुन्या घराची भिंत मातीची आहे. तिच्यावर इमल्शन चालेल का?

चालणार नाही, आणि ऑइल पेंट तर अजिबात लावू नये. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. प्लॅस्टिकसारखा थर बसला, की ओल आत कोंडते आणि काही काळाने रंगाचा पापुद्रा मातीसकट सुटतो. अशा भिंतीला चुना हाच खरा रंग आहे. चांगला मुरलेला चुना गाळून त्यात गेरू किंवा पिवळी माती मिसळली, की विटकरी, केशरी, हळदी अशा छटा मिळतात. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिकट होतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहावे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा वरच्या भागाचे काम चश्मा लावल्याशिवाय करू नये. गेरूने रंगवलेल्या भिंतीवर पांढऱ्या मातीने काढलेल्या रेघा, ठिपके, बैलजोडी किंवा मोर हे बाजारातील कोणत्याही स्टेन्सिलपेक्षा देखणे दिसतात. ही कला घरातील आजी-मावशींच्या हातात असेल, तर ती शिकून घेण्याची ही चांगली संधी आहे.

डिस्टेंपर, इमल्शन आणि ऑइल पेंट यांपैकी काय घ्यावे?

सिमेंटच्या प्लास्टरवर इमल्शन घ्यावा. डिस्टेंपर स्वस्त आहे, पण गडद छटांमध्ये त्याची पूड हाताला लागते आणि ओल्या फडक्याने पुसला तर डाग पडतात. एकाच भिंतीसाठी दोन्हींच्या खर्चातील फरक फार होत नाही, त्यामुळे येथे काटकसर करू नये. मॅट इमल्शन भिंतीचे उंचसखलपण झाकतो, सॅटिन पुसायला सोपा असतो. वाढत्या मुलांच्या खोलीत पाठ टेकली जाते, हात लागतात, म्हणून भिंत सपाट असल्यास आम्ही सॅटिन सुचवतो. ऑइल पेंट दारे-खिडक्यांसाठी ठेवावा. टेक्सचरच्या खडबडीत भिंतीची हौस गावात करू नये. सोयाबीन-तुरीच्या मळणीचा धुराळा तिच्यात बसला, की निघत नाही.

रंग किती लागेल?

इमल्शनचा एक लिटर एका हाताला साधारण १०० ते १५० चौरस फूट पुरतो. भिंत १२ फूट लांब आणि १० फूट उंच असेल, तर दोन हातांना २ लिटर आणि प्रायमर १ लिटर धरावा. लाल, पिवळा व केशरी हे रंग कमी झाकतात आणि बऱ्याचदा तिसरा हात मागतात. तालुक्याच्या दुकानात मशीनवर छटा बनवून घेतली, तर तिचा क्रमांक डब्याच्या झाकणावर आणि घरच्या वहीत, दोन्हीकडे लिहून ठेवावा. दोन डबे घेतले असतील, तर दोन्ही एका बादलीत एकत्र करूनच वापरावेत, कारण छटेत बारीकसा फरक असला तरी भिंतीच्या मधोमध तो उठून दिसतो.

शेड कार्डावर आवडलेला रंग भिंतीवर निराळाच दिसतो. काय करावे?

बोटभर तुकड्यावरचा रंग पूर्ण भिंतीवर अधिक गडद भासतो. म्हणून दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात देऊन तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवावा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावल्यावर तो पाहावा. पांढऱ्या एलईडी दिव्याखाली निळसर छटा अधिक निळ्या दिसतात, तर विटकरी व पिवळ्या छटांची ऊब कमी होते. अभ्यास बहुतेक रात्रीच होतो, त्यामुळे रात्रीच्या दिव्यात कसा दिसतो यालाच जास्त महत्त्व द्यावे.

कामाचा क्रम कसा असावा?

सैल झालेला जुना रंग पत्र्याने खरवडून काढावा. भिंतीवर पूर्वी चुना असेल, तर तो शक्य तितका निघालाच पाहिजे, कारण चुन्याच्या सैल थरावर इमल्शन धरत नाही. वाळवीची मातीची रेघ दिसली, तर आधी वाळवीचा बंदोबस्त करावा. नंतर गरज असेल तेथे पुट्टी, ती वाळल्यावर १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग कोरड्या कापडाने धूळ पुसणे, प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्यावेत. प्लास्टर नवे असेल, तर पाणी मारणे थांबवल्यानंतर किमान महिनाभर भिंत वाळू द्यावी. स्विचबोर्डाभोवती काम करताना मेन स्विच बंद करावा.

शेजारच्या पांढऱ्या भिंतीला लागून सरळ रेघ कशी काढावी?

मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी शेजारच्या भिंतीचा, म्हणजे पांढरा, रंग पातळ हाताने फिरवावा. तो टेपखालच्या बारीक फटी भरून काढतो. वाळल्यावर गडद रंग द्यावा आणि शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप तिरकी ओढून हळूहळू काढावी. पूर्ण वाळल्यावर टेप ओढली, तर रंगाची कड तिच्याबरोबर उचलली जाते. त्रिकोण, पट्टे किंवा डोंगररांगेची आकृती याच पद्धतीने निघते.

मुलगा नीटची तयारी करतो. भिंतीवरच लिहिता येईल असे काही करता येईल का?

शाळेच्या फळ्याला लावतात तो रंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि टेबलासमोरच्या भिंतीचा चार फूट बाय तीन फुटांचा भाग त्याने रंगवता येतो. दोन-तीन दिवस वाळू दिल्यावर खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभागावर घासावा आणि पुसून टाकावा, म्हणजे पहिल्या लिखाणाचे ठसे राहत नाहीत. पलंगाच्या डोक्याशी मात्र हा फळा नसावा, खडूची पूड अंथरुणावर पडते.

पोस्टर आणि तक्ते लावल्याने रंग निघणार नाही का?

नवा इमल्शन हाताला कोरडा लागला, तरी पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोपर्यंत काहीही चिकटवू नये. त्यानंतरही सेलोटेपऐवजी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून सुतळी ताणावी आणि तिच्यावर चिमट्यांनी कागद अडकवावेत.

नव्या रंगाचा वास आणि जुन्या रंगातील शिसे यांचा धोका कितपत आहे?

भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये ते जास्त असू शकते. म्हणून जुनी दारे किंवा ऑइल पेंटची भिंत कोरडी घासू नये, पाणी लावून घासावी, आणि त्या वेळी लहान मुले व गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनचा वास सौम्य असतो, तरीही दोन-तीन रात्री त्या खोलीत कोणी झोपू नये. दम्याचा त्रास असलेल्यांनी आठवडाभर थांबावे.

आमच्याकडे मुलांसाठी वेगळी खोलीच नाही. मग काय करावे?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट आहे. एवढ्यात चार-पाच माणसांचे कुटुंब राहते, तेव्हा स्वतंत्र खोली ही अपेक्षाच अवास्तव ठरते. पण ज्या कोपऱ्यात मुलगी पाटावर किंवा टेबलावर वह्या मांडते, त्या कोपऱ्याच्या दोन भिंती जमिनीपासून पाच फुटांपर्यंत तिच्या आवडीच्या रंगाने रंगवता येतात. अर्धा लिटर रंग पुरतो. दोन भावंडांचा कोपरा एकच असेल, तर एक-एक बाजू ज्याची त्याने निवडावी. घरातील कुठलीतरी जागा आपली आहे, हे त्या वयात फार मोलाचे असते आणि त्यासाठी दार असलेली खोलीच लागते असे नाही.

मुलगी दोन वर्षांत शिकायला नागपूरला जाणार, पुढे सासरी जाणार. तिच्या भिंतीवर खर्च का करावा?

ती आज त्या घरात राहते, म्हणून. हाच प्रश्न मुलाच्या बाबतीत क्वचित विचारला जातो, तोही शिकायला बाहेरच जाणार असला तरी. दोन लिटर रंगाचा खर्च दोन वर्षांनी पुसला गेला तरी घराचे काही बिघडत नाही. शिवाय सुट्टीत ती परत येईल तेव्हा आपली भिंत तिथेच आहे हे तिला दिसले पाहिजे. रंग तिनेच निवडू द्यावा, मग तो आपल्याला आवडो वा न आवडो.

मुले हे काम स्वतः करू शकतात का?

रोलर फिरवणे, टेप लावणे आणि आकृती आखणे ही कामे तेरा-चौदा वर्षांची मुले उत्तम करतात. घासण्याचे काम मोठ्यांनी तोंडाला मास्क लावून करावे. उंचीसाठी बाजेवर ड्रम ठेवून त्यावर चढण्याची सवय सर्वत्र दिसते, ती धोकादायक आहे, शेजाऱ्यांकडून का होईना पण घोडी (दुहेरी शिडी) मागून आणावी. केवळ एका भिंतीसाठी रंगारी सहसा येत नाही, त्यामुळे खरवडणे व पुट्टी यांपुरती अर्ध्या दिवसाची मदत घेऊन बाकीचे काम घरी करणे सोयीचे पडते.

उरलेला रंग आणि ब्रश धुतलेले पाणी कुठे टाकावे?

उरलेला रंग लहान बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा, ओरखडे झाकायला तो उपयोगी पडतो. टिनाच्या छपराखाली ठेवल्यास उन्हाळ्यात तो घट्ट होऊन वाया जातो. ब्रश आधी जुन्या कागदावर पुसून कोरडा करावा आणि मग कमीत कमी पाण्यात धुवावा. ते पाणी विहिरीजवळ, गुरांच्या हौदाजवळ किंवा परसातील भाजीच्या वाफ्यात सोडू नये, घरापासून दूर कोरड्या जमिनीत खड्डा करून ओतावे.